आधी जेवून घे

दादा,

ऐंशी साली लग्न होऊन मी सांगलीहून इंग्लंडला यायला निघाले, तेव्हा आईने मला बळेबळे वरणभात खायला लावला होता. बाहेर टॅक्सी थांबलेली, तू सारखं घड्याळ दाखवत होतास आणि मी पानावर बसून रडत होते. "आधी जेवून घे, रडायचं ते मग रड," ती म्हणाली. आपल्या घरची ती रीतच होती. वाईट बातमी आली की आई ती पोटात ठेवायची, समोरच्याचं पान वाढायची आणि त्याने हात धुतले की मगच सांगायची. उपाशी पोटी माणूस कोसळतं, म्हणायची.

ती थांबायची ते एका जेवणापुरतं. तू आणि आमच्या ह्यांनी मिळून त्याचे पाच दिवस केलेत. दहा वर्षं मी यावर गप्प बसले, आता लिहिते.

आई गुरुवारी गेली. शुक्रवारी दुपारी तू नॉटिंगहॅमला फोन केलास. सुट्टीआधीची सफाई म्हणून मी कामावर, शाळेच्या किचनमध्ये उशिरापर्यंत थांबले होते. हे आणि शाळेतून आलेली मीरा घरी होते. शनिवारी आम्ही हाफ-टर्मच्या सुट्टीसाठी वेल्सला निघालो. पायवाटेने धबधबे बघत हिंडायचं, असं ते छोटंसं गाव. गेस्टहाऊसच्या बाई रोज सकाळी अंडी, टोस्ट वाढायच्या आणि हे मला सारखं "अजून घे" म्हणायचे. नऊ वर्षांत नवऱ्याने कधी माझ्या ताटात डोकावलं नव्हतं. मी मूर्खासारखी खूश झाले.

सोमवारी मी आईला धबधब्याचं पोस्टकार्ड लिहिलं. 'तुझे गुडघे बरे असते तर तुला इथे आणलं असतं, पाणी बघून तू वेडी झाली असतीस.' तिकीट ह्यांनी चिकटवलं. ह्यांनीच कार्ड वाचून पेटीत टाकलं आणि येताना मीराला आइस्क्रीम घेऊन दिलं.

मंगळवारी आम्ही मोठ्या धबधब्याला गेलो. तिथे वाट पाण्याच्या मागून जाते. हे पलीकडे कॅमेरा घेऊन उभे होते. मी मीराचा हात धरून हसत हसत निघाले. मध्यावर मीरा थांबली. आठ वर्षांची पोर ती, चार दिवस पोटात ठेवून दमली असणार. तिच्या त्या इंग्लंडातल्या मोडक्या मराठीत म्हणाली,

"आई, आजी मेला ना? बाबा म्हणाले, घरी जाईपर्यंत तुला सांगायचा नाही."

मी बाहेर आले तेव्हा माझा चेहरा बघून ह्यांनी कॅमेरा खाली घेतला. "इतक्या वर्षांत तुझी पहिली सुट्टी. म्हटलं, परत गेल्यावर सांगू. तुझ्या दादाशी बोलूनच ठरवलं मी," हे म्हणाले.

गावातल्या फोन बॉक्समधून मी तुला फोन लावला. तू म्हणालास, "अगं, कळून तरी तू काय करणार होतीस? इथे सगळं उरकलं होतं." काय करणार होते मी? अंघोळ केली असती. एका जागी बसून रडले असते. सासरी गेलेल्या लेकीच्या वाट्याला तीन दिवसांचं सुतक येतं, ते मी सहलीच्या बॅगा भरत आणि टोस्ट खात घालवलं. माझं पोस्टकार्ड तुझ्या हातात पडलंच असेल. तू त्याचं कधी नावही काढलं नाहीस.

ह्यांच्याबरोबर संसार चालू आहे. भांडण नाही. फक्त त्यांनी "सगळं ठीक आहे" म्हटलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तू दर पत्रात लिहितोस, 'घर तुझंच आहे, कधीही ये.' दादा, जिथलं मरणसुद्धा मला सांगावंसं वाटलं नाही, तिथे मी पाहुणी म्हणून येईन. माहेर म्हणून नाही.

मीरा आता ग्लासगोला शिकते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "आई, फेल झाले मी. बाबांना अजून सांगितला नाही, तुलाच पहिला सांगते." ती हुंदके देत होती आणि मी पोळपाटापाशी पिठाच्या हातांनी रिसीव्हर धरून उभी होते. वाईट वाटलंच. पण कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी घरचं माणूस समजलं होतं. माझं घर आता ग्लासगोच्या त्या हॉस्टेलच्या खोलीत आहे. ती खोली मी अजून पाहिलेलीही नाही.