विमलताईचं दूध

मी भाताच्या रोवणीच्या घाईत होते, तेव्हा कोंढ्याहून सोनालीचा, माझ्या भावाच्या मुलीचा, फोन आला. "आत्या, विमलआत्या गेली... सकायी उठलीच नाही." माझी थोरली बहीण, विमलताई, गेली होती. मी पोचले तेव्हा अंगणातल्या बायका "लय मायाळू होती वं" म्हणून डोळे पुसत होत्या. मला त्या रडण्याची चीड आली. यांनीच तिला उभ्या आयुष्यात कधी बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

ताईला आमच्या सख्ख्या आत्याच्याच घरी दिली होती. मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क; घरची पोरगी घरातच राहिली, याचं आमच्याकडे केवढं कौतुक! ताईला पहिला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. चार दिवसांत तो पिवळा पडला. दूध प्यायला की ओकायचा, पोट फुगायचं. सासू झालेली आत्या म्हणाली, "हिच्या दुधातच खोट हाये." ताईचं दूध तोडून बाळाला गाईचं पाजलं. बाळ गेलं. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, तिला तर अंगावर घेऊच दिलं नाही; पहिल्या दिवसापासून बोंडल्यानं गाईचं दूध. इकडे पान्ह्यानं ताईची चोळी भिजायची आणि पलीकडच्या खोलीत लेक रडत असायची... तीही गेली. आता दुधाला नाव ठेवता येईना, मग ताईची नजरच वाईट ठरली. भाऊजींनीही आईचंच खरं मानलं. ताईला पुन्हा मूल झालं नाही.

पुढे सोनालीलाही त्याच घरात दिली, ताईच्या धाकट्या दिराच्या मुलाला. तिचं बाळंतपण मात्र नागपूरला झालं. तिथे बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. दुधातली साखर या मुलीला पचत नाही, अंगात साठून तिचं विष होतं, असा रिपोर्ट आला. दूध त्याच दिवशी बंद झालं, सोयाबीनची पावडर सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, हा दोष आई आणि बाप दोघांकडून येतो. आईचं दूध काय नि गाईचं काय, अशा बाळाला सारखंच. ताई दाराशी उभी राहून ऐकत होती. परतताना एसटीत मला म्हणाली, "गाईचं दूधबी तेच करत होतं. मंग मलेच काहून बोलले वं?"

ताईच्या सासूला, खाटेवर पडलेल्या आत्याला, हे सांगितलं, तर ती म्हणाली, "देवाची मर्जी होती," आणि तिनं कूस बदलली. इतकी वर्षं खोट ताईची होती. निम्मी स्वतःच्या लेकाची निघाली, तशी ती देवाची झाली.

सोनालीची पोर आज अंगणवाडीत जाते. ती वाचली आणि ताईला एक सवय लागली. गल्लीत कुणी बाळंत झालं, की ती उंबऱ्याबाहेरून विचारायची, "बाळ ओकते काय? डोये पिवळे हायेत काय? टाचेचं रक्त तपासून घ्या बाप्पा." लोक चिडायचे, अपशकुनी म्हणायचे. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

तेरवी झाली त्याच आठवड्यात, मी कोंढ्यालाच होते तेव्हा, ताईच्या समोरच्या घरी नातू झाला. मी ताईसारखीच उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि तेच विचारलं. बाळाची आजी माझ्याकडे बघतच राहिली. "एक गेली तं दुसरी आली," म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.