सव्वादहाचा मुहूर्त आणि खालचा कंटेनर

परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून आणायचा, हे माझ्या बाबांचं काम. ऑफिस म्हणजे बुधवार पेठेतली एक खोली. शाळा सुटली की मी तिथे कोपऱ्यात गृहपाठ करते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मी आहे हे लोक विसरतात आणि मोकळेपणाने भांडतात. माल अडकला की किस्से साठतात. यंदा तर फारच माल अडकला!

*

खालच्या मजल्यावर नेनेकाकांचं घड्याळांचं दुकान आहे. वारजेला त्यांचं दुसरं दुकान निघणार होतं. मुहूर्त सकाळी सव्वादहाचा, पत्रिकाही वाटून झालेल्या. आणि घड्याळं जहाजावर!

"अहो नेने, नेहमीच्या वाटेवर युद्ध चालू आहे. जहाज आफ्रिकेला वळसा घालून येतंय," बाबा म्हणाले.

"वारजेहून येताना आम्हीही वळसा घालतो, जाधव. म्हणून लवकर निघतो!"

दारात थांबून ते पुढे म्हणाले, "मुहूर्त चुकला, तर इथून पुढे माझा माल दुसरा एजंट आणेल."

हे ते हसून बोलले नाहीत. बाबांचा चहा तसाच राहिला. नेनेकाका म्हणजे ऑफिसचं निम्मं काम!

*

मोठ्या बंदरात गर्दी, म्हणून जहाज कोकणातल्या एका लहान बंदराकडे वळवलं. तिथे आजवर कोळसा, सिमेंट आणि लाकूड उतरायचं. ऑफिसची कागदपत्रं सांभाळणाऱ्या शिंदेकाकूंनी तिथल्या सुपरवायझरना, राणेकाकांना, फोन लावला. फोन स्पीकरवर.

"कंटेनर उचलायला क्रेन आहे ना?"

"आहे की! ओंडके उचलते. कंटेनर उचलायचेत, हे तिला अजून सांगितलेलं नाही."

*

पण सांगितलं असावं. कारण नंतर एकदा फोनवर बोलता बोलता राणेकाकांनी फोटो पाठवला. कोळशाची जागा धुऊन तिथे कंटेनर रचलेले. जागा पुरेना, म्हणून कामगारांच्या क्रिकेटच्या मैदानावरही!

"मग मॅच?" माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"चालू आहे, बाळा," फोनमधून राणेकाका म्हणाले. "लेगला कंटेनर आलेत, म्हणून सगळे ऑफला मारतात!"

*

मुहूर्त परवावर आला, तेव्हा राणेकाकांचा फोन. "तुमचा कंटेनर सापडला!"

बाबा उभेच राहिले.

"पण खालचा आहे. वर दोन बसलेत."

"अहो, मग उचला ना!"

"क्रेन सिमेंटच्या जहाजावर गुंतलीय."

शिंदेकाकूंनी बाबांच्या हातातून फोन घेतला. "दार उघडतं का?"

"अर्धं."

"मग पोती उतरवता तसे खोके हातांनी काढा!"

मग राणेकाका ओरडले, "अरे, ओपनिंग बॅट्समनला बोलवा. तो बारीक आहे!"

माल तपासायला आलेल्या कस्टमच्या साहेबांना समोर खुर्ची टाकून दिली, बॅट्समन आत शिरला, आणि अख्ख्या टीमने खोके हातोहात ट्रकमध्ये भरले.

*

उद्घाटनाला मी बाबांबरोबर वारजेला गेले. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. ट्रक आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाबा नेनेकाकांच्या नजरेला नजर देईनात.

नेनेकाकांनी बाह्या वर सारल्या. खोके फोडले, घड्याळं भिंतीवर टांगायला लावली. "सेल कुणी घालायचे नाहीत," असं बजावून स्वतः स्टुलावर चढले आणि एकेका घड्याळाचे काटे सव्वादहावर आणले. मग खाली उतरून त्यांनी सदरा झटकला.

"बघा जाधव, अगदी वेळेवर. करा सुरुवात, गुरुजी!"

गुरुजींनी हळूच मनगटाकडे पाहिलं.

"ते पुढे आहे," नेनेकाका म्हणाले. "द्या इकडे, लावून देतो!"