लाइल कोस्केलाच्या मरणाची तालीम

लाइल कोस्केलाचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तो बढाई मारल्यासारखी सांगत असे. अमेरिकेतल्या ब्यूट गावात त्याने आयुष्यभर लोकांच्या घरातली वायरिंग तपासण्याची नोकरी केली. भिंतीआड काय काय दडवलेलं असतं ते बघून बघून त्याचा स्वभावच तसा झाला. बँकांवर तर त्याचा खास राग. म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने होती नव्हती ती पुंजी बिटकॉइनमध्ये घातली. त्यात त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या, आईचं घर विकून आलेले पैसेही गेले. नोरीनने विरोध केला नाही. लाइलशी वाद घालायचा तर आधी जेवण उरकून बसावं लागे.

ते बिटकॉइन सांभाळायला त्याने एक हार्डवेअर वॉलेट मागवलं. बोटाएवढं यंत्र, त्याला दोन बटणं. ते आलं त्या दिवशी त्याने भर दुपारी पडदे ओढले आणि नोरीनचा फोन फ्रिजमध्ये नेऊन ठेवला, कारण फोन सगळं ऐकतो. यंत्राने चोवीस शब्द दाखवले. यंत्र हरवलं, फुटलं तरी या शब्दांवर पैसे परत मिळतात. कागद जळतो, म्हणून लाइलने ते शब्द गॅरेजमध्ये बसून पोलादी पट्टीवर हातोडीने ठोकले. शेजाऱ्याने विचारलं, ही ठोकाठोक कसली? कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला करतोय, असं लाइलने सांगून टाकलं. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. शेजारी बिचारा भला माणूस, त्याने कुत्र्याच्या बिस्किटांची पिशवी आणून दिली. गुपित राखायचं म्हणून लाइलने ती आभार मानून घेतली, आणि कुत्रा जरा लाजाळू आहे असंही वर सांगितलं.

दर गुरुवारी पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, दुकानात त्याच्यासारख्याच पाचसहा जणांची बैठक भरे. तिथे कुणी आडनाव सांगायचं नाही असा कडक नियम होता, आणि सगळे एकाच शाळेत शिकलेले होते. तिथेच लाइलला आणखी एक युक्ती कळली. चोवीस शब्दांवर आपल्या मनातला आणखी एक शब्द लावायचा. तो कुठे लिहायचा नाही. पट्टी चोराच्या हाती लागली तरी या शब्दावाचून त्याचं काही चालत नाही. यंत्राची खोड अशी की हा शब्द चुकला तर ते चूक झाली असं सांगत नाही. निमूटपणे दुसरंच, रिकामं पाकीट उघडून दाखवतं. लाइलला ही खोड फार आवडली.

मग डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. सोमवारी, मिझुलाच्या हॉस्पिटलमध्ये. गुरुवारच्या मंडळींनी बजावलं की त्याआधी तालीम झालीच पाहिजे, विधवेला एकटीने पाकीट उघडता आलं पाहिजे. नोरीनला विधवा म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही.

शनिवारी सकाळी लाइलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कोरं यंत्र, ती पट्टी आणि सूचनांचा कागद मांडला. आपण मेलो आहोत असं समजायचं, आपल्याला काही विचारायचं नाही, असं सांगून तो खिडकीशी खुर्चीत हाताची घडी घालून बसला. नोरीनने चष्मा लावला आणि दोन बटणं दाबत दाबत सगळे शब्द बिनचूक भरले. कागदावर शेवटची ओळ होती: ‘शेवटचा शब्द: मी तुला लग्नाचं विचारलं ती जागा.’

नोरीनने ती ओळ दोनदा वाचली. मग खुर्चीतल्या मयताकडे पाहिलं. थोडा विचार करून तिने एक शब्द घातला. पाकीट उघडलं, आत काही नाही. मग त्यांचं लग्न झालं त्या चर्चचं नाव घातलं. तेही रिकामं. सोमवारी लाइल परत आला नाही तर आईचं घर याच डबीत कायमचं गडप होणार, हे तिला आता नीट समजलं.

मयत खोकलं.

“मेलेल्या माणसाने खोकू नये,” नोरीन म्हणाली.

“अगं, पण विसरलीस कशी? जॉर्जटाऊन तळ्यावर. बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलो होतो. तुझ्या हातातून अंगठी निसटली, केवढा वेळ शोधत होतो आपण.”

नोरीनने यंत्र खाली ठेवलं. “मी जन्मात बर्फावर मासे धरायला गेले नाही, लाइल. थंडीने माझी बोटं सुजतात. ती ग्वेन.”

ग्वेन म्हणजे लाइलची पहिली बायको. एका दाताच्या डॉक्टरबरोबर स्पोकेनला निघून गेली, त्याला एक जमाना झाला. चोर, सरकार, आग, शेजारी, फोन, सगळ्यांपासून लाइलने पैसे वाचवले होते. ते उघडू शकेल अशी त्याच्यामागे जगात एकच व्यक्ती उरली असती, ती ग्वेन.

नोरीनने तळ्याचं नाव घातलं. भरलेलं पाकीट उघडलं.

“म्हणजे तू गेलास की मी ग्वेनला फोन करायचा,” ती शांतपणे म्हणाली. त्या शांतपणाला लाइल ऑपरेशनपेक्षा जास्त घाबरला. तो घाईघाईने सांगू लागला की शब्द बदलू, दुसरं पाकीट काढू, सगळं त्यात हलवू, आता आपलीच जागा घालू.

“कुठे बरं विचारलं मी तुला?”

“तू विचारलंच नाहीस. मी विचारलं. टायरच्या दुकानात, तुझ्या ट्रकचे टायर बदलत होते तेव्हा. तू म्हणालास, आधी बिल किती होतंय बघू.”

इतक्या वर्षांत तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट चारचौघांत ती हा किस्सा हसून सांगायची. आज मात्र वाईट वाटलं, आणि खूपच वाटलं.

“मग टायरचं दुकान घाल,” लाइल खाल मानेने म्हणाला.

“ते मघाशीच घालून पाहिलं. शिवाय ते आता तुला माहीत आहे.” तिने यंत्र आपल्याकडे वळवलं, त्यानेच शिकवल्याप्रमाणे वर हाताचा आडोसा धरला आणि कुठलासा शब्द भरला. मग सगळे पैसे त्या नव्या पाकिटाच्या नावे लावून यंत्र त्याच्यापुढे सरकवलं. पैसे हलवायला होकार देणारी ती दोन बटणं लाइलने स्वतः दाबली. दुसरं काही करायला त्याला तोंड नव्हतं.

“कोणता शब्द घातलास?” जरा वेळाने त्याने विचारलं.

“कुठे लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही. नियम तुझेच आहेत.”

“अगं, पण मला तरी?”

नोरीन चहाचं पाणी ठेवायला उठली. “सोमवारी शुद्धीवर ये,” ती म्हणाली. “मग मला लग्नाचं विचार. या वेळी तू. मी हो म्हटलं तर शब्द सांगेन.”