बादलीतलं तापमान

तीस वर्षं मी लोकांच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरलं. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात मीठ किती, एवढंच बघायचं असायचं. त्या कामाची एक सवय होती. पाणी बादलीत काढायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि तोवर शेतमालकाकडे चहा प्यायचा. वऱ्हाडात चहा नाकारला तर माणसं तुमचं पुढचं काही ऐकून घेत नाहीत. आणि अर्ध्या तासात पाण्यातलं मीठ काही कमी होत नाही.

मग सरकारची नवी योजना आली. ज्यांच्या बोअरला जमिनीतूनच गरम पाणी लागतं, त्यांना त्या उष्णतेवर शेतमाल वाळवायची खोली बांधायला अनुदान. अमरावतीच्या आमच्या कार्यालयात त्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. गरम पाणी हे पाणी, खनिज की ऊर्जा, यावर तीन खात्यांची पत्रं इकडून तिकडे फिरली. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आमच्याकडे तेवढ्यात नुसता अर्जाचा नमुना छापून झाला. शेवटी तपासणी माझ्या गळ्यात पडली, कारण पाण्याचा माणूस मीच.

पहिला अर्ज हिवरखेडजवळच्या एका काकूंचा होता. नवरा गेल्यावर त्या मिरची, लसूण पिकवून स्वतः बाजारात बसून विकायच्या. आभाळ आलं की अंगणात वाळत घातलेली मिरची काळी पडायची. बोअरचं पाणी मात्र एवढं गरम, की पिकाला देण्याआधी ते टाक्यात निवू द्यावं लागे.

"देवानं जमिनीतच चूल पेटवून देल्ली भाऊ," त्या म्हणाल्या, "आता खोली तेवढी पायजे."

मोटर सुरू केली, बादली भरली आणि सवयीनं चिंचेखाली ठेवली. चहा आला. काकू दारात उभ्या राहून एकदा बादलीकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. दुसरा कपही झाला. मग थर्मामीटर बुडवला, तर आकडा योजनेच्या किमान मर्यादेपेक्षा दोन अंशांनी कमी.

चूक तिथंच कळली. अर्जावर ठळक छापलं होतं: तापमान बोअरच्या तोंडाशी, मोटर चालू असताना घ्यावं. पुन्हा मोटर लावायला गेलो, तर लाईन गेलेली.

"थांबता का? दुपारून येईन लाईन," काकू म्हणाल्या.

ड्रायव्हर घाई करत होता, बाळापूरचं काम बाकी होतं. पुन्हा येऊ, असं स्वतःला सांगत मी रकान्यात बादलीतला आकडा लिहिला. तोच कागद पुढे गेला आणि मी पुन्हा गेलो नाही.

अर्ज निकषात बसत नाही, असं काकूंना कळवलं गेलं. तपासणाऱ्यानं आपली चूक लेखी कळवली तर महिन्याच्या आत फेरतपासणी होते, असा नियम होता. राजापेठेतल्या घरी बसून मी ते पत्र दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. बढतीची यादी लागायची होती. शिवाय गरम पाणी गरम असतानाच मोजायचं, एवढंही या माणसाला कळत नाही, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले असते. महिना गेला. पुढे योजनाच बंद झाली आणि आमच्या वाट्याचा निधी न वापरता परत गेला. बढती मला मिळाली. तिचा आनंद मला एक दिवसही घेता आला नाही.

निवृत्त झाल्यावर मी काकूंकडे गेलो. वरातीमागून घोडं, पण गेलो. त्या अंगणात काळ्या पडलेल्या मिरच्या वेचून बाजूला टाकत होत्या. मी सगळं सांगितलं, फाडलेल्या पत्रासकट. त्यांचे हात चालूच होते.

"पत्राचं मालूम नोतं," त्या म्हणाल्या. "पण पानी निवून राह्यलं, हे मले तवाच दिसत होतं."

"मंग बोलल्या काहून नाही, काकू?"

"पाहुण्याच्या हातात कप होता भाऊ. चहा पिनाऱ्याले उठ म्हनतेत का?"

मग त्यांनी पदराला हात पुसले आणि उठता उठता म्हणाल्या, "बसा, चहा मांडते."

मी बसलो. नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.