आधी तुमी बसा

माझ्या थोरल्या आत्याइतक्या रुबाबात दान घेणारं माणूस उभ्या मावळात झालं नसेल. लोहगडवाडीतल्या बायकांचा बचत गट तिनंच उभा केलेला. वाडीतल्या अडल्यानडल्यांसाठी ती लोणावळ्याच्या बंगल्यांची दारं बिनदिक्कत वाजवायची. पण समोरचा द्यायला लागला की परीक्षा त्याचीच सुरू व्हायची. एका बाईंनी जुन्या साड्यांचं बोचकं पुढं केलं, तर आत्या म्हणाली, "इस्त्री करून ठिवा, उद्या नेते. गरिबाला काय सुरकुत्या आवडत्यात व्हय?" आणि त्या बाईंनी खरोखरच इस्त्री केली! आभार मानणं आत्याला ठाऊकच नव्हतं. देणगीदार घरी आला की ती त्याच्यापुढं लसूण सोलायला ठेवायची. माझ्या मते तो तिच्या परीनं केलेला सत्कारच होता.

वाडीतल्या सगुणाचे पाय लहानपणीच गेलेले. गडावर येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीची टपरी टाकावी, अशी तिची फार इच्छा. हाताला चव होती, पण घरापासून सडकेपर्यंत कुणीतरी उचलून न्यावं लागे, आणि तेच तिला नको होतं. एकदा एका कंपनीचे साहेब तिच्यासाठी व्हीलचेअर घेऊन आले. सोबत फोटोवाला. आत्या म्हणाली, "आधी तुमी बसा." साहेब हसत बसले. आत्यानं पदर खोचला आणि त्यांना थेट सडकेकडं जाणाऱ्या खडकाळ पायवाटेवर ढकललं. चार हातांवर चाक दगडांत अडकलं, खुर्ची कलली, साहेब घाबरून उतरू लागले.

"उतरू नका सायेब. सगुणा कुटं उतरती?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. साहेब हळूच म्हणाले, "आजी, रस्ता आमच्या योजनेत बसत नाही हो."

"तुमी खुर्चीत बसलात न्हवं? मग रस्ताबी बसंल. सिमेंट तुमी द्या, अंगमेहनत आमची."

सिमेंट आलं. गटातल्या बायकांनी, त्यांच्या नवऱ्यांनी, सुट्टीला गेलेल्या मीसुद्धा घमेली वाहिली आणि वाट झाली. पहिल्या दिवशी सगुणा एकटी निघाली, तेव्हा आत्या मागून चालत होती. दोन्ही हात पुढं धरून, पण खुर्चीला बोटही न लावता.

गेल्या थंडीत आत्या गेली. परवा वाडीत गेलो, तर सगुणा टपरी आवरून घरी परतत होती. आत्याच्या बंद दारापाशी तिनं चाकं थांबवली.

"दमलीस का?" मी विचारलं.

"न्हाई ओ. हितं आले की तुमची आत्या आतनं इचारायची, आलीस का गं? लय सवय लागलीया."

मग आम्ही दोघंही तिथंच थांबलो, आतून कुणी विचारेल म्हणून.