पडलेल्या चिंचेवरून डावीकडे

बोर्लीत पत्ता सांगताना समोर दिसणारी वस्तू सांगणं आम्ही कमीपणाचं मानतो. बँक, एटीएम, मोबाइलचं दुकान या खुणा परक्यांसाठी. आमच्या खुणा म्हणजे पडलेली चिंच, बंद झालेली गिरणी आणि बुजवलेली विहीर!

मी शाळेत इतिहासाचा मास्तर होतो. निवृत्तीनंतर गावातल्या आळ्या, दुकानं आणि बागा यांचा इतिहास लिहायला घेतला. (घरात ऐकायला कुणी तयार नव्हतं, म्हणून लिहायला!) तेवढ्यात मुलीचा, म्हणजे मुग्धाचा, साखरपुडा ठरला. पाहुणे पेणहून येणार, मुहूर्त साडेअकराचा. मी पत्रिकेच्या मागे गावाचा नकाशा छापून घेतला, तोही स्वतःच्या हातानं काढलेला.

"बाबा, मी लोकेशन पाठवते ना," मुग्धा म्हणाली.

"ते लोकेशन माणसाला कुणाच्या तरी सुपारीच्या वाडीत नेऊन सोडतं! माझाच नकाशा धरा, असं मी व्याह्यांना बजावलंय."

व्याही फार सज्जन. त्यांनी खरंच तोच धरला.

साडेदहाला फोन आला. "मास्तर, चिंच सापडेना."

"ती चक्रीवादळात पडली हो."

"मग डावीकडे वळायचं कुठून?"

"जिथे होती तिथून!"

पुन्हा फोन. "बाग कुठेय? इथं नुसत्या शेळ्या बसल्यात."

"तीच बाग! ग्रामपंचायत करणार आहे."

सव्वाअकरा झाले. भटजी दर मिनिटाला घड्याळ बघायला लागले. आमची ही ओटीवरून अंगणात आणि अंगणातून ओटीवर येरझारा घालत होती. मुग्धा शालूत बसून नखं खात होती. एकुलती एक लेक. पाहुणे वैतागून परत गेले तर?

"जा आणि त्यांना घेऊन या!" ही ओरडली. "आणि वाटेत कुणाशी बोलू नका!"

मी स्कूटर काढली. पाहुणे बाजारात सापडले. रज्जाकभाई शिंप्यांच्या दुकानासमोर तीन गाड्या उभ्या, आणि माझ्या नकाशाभोवती निम्मा बाजार गोळा झालेला. नवरदेव बिचारा जरीच्या झब्ब्यात घामानं निथळत होता.

"चला, चला, निघू या," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर मुहूर्त साधला असता. पण रज्जाकभाई म्हणाले, "मास्तर, सोड्याचा कारखाना चुकीचा दाखवलाव. तो उजव्या हाताला व्हता."

"अहो, डाव्या! माझ्याकडे नोंद आहे!"

"कारखाना माझ्या अब्बांचा व्हता!"

"असेल. पण डावीकडेच!"

किराणावाले तात्या मध्ये पडले. "कुठला कारखाना म्हणताव? जळला तो, की त्याच्या आधीचा?"

आता हा मुद्दा खरोखरच मोठा होता. मी स्कूटर स्टँडवर लावली. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"सापडले का?" हिचा आवाज.

"सापडले! पण कारखान्याचं अजून..."

फोन बंद!

पाच मिनिटांनी मुग्धा स्वतः आली. शालूचा पदर खोचून, चुलतबहिणीच्या स्कूटीवरून! तिनं नवरदेवाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"सगळ्यांनी माझ्या मागे या. बाबा, तुम्ही शेवटी."

मुहूर्त हुकला होता. (भटजींनी दुसरा काढला. भटजींकडे जादाचे असतातच!) मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. व्याह्यांची माफी मागायला गेलो, तर ते हसून म्हणाले, "सून पसंत होतीच, आज खात्री पटली. घरात रस्ता माहीत असलेलं एक तरी माणूस हवं."

या घटनेनं गावाला एक नवी खूण मिळाली. परवा एक पार्सलवाला आमच्या शेजाऱ्यांचं घर विचारत होता. रज्जाकभाईंनी सांगितलं, "सरळ जा. मास्तरांचा जावई हरवला व्हता ना, तिथून डावीकडे."

मी तिथेच उभा होतो. अपमान मी गिळला असता, पण चूक कशी गिळणार? म्हटलं, "तिथे नव्हे हो! त्याच्या वीस पावलं अलीकडे हरवला होता!"

शेजाऱ्यांचं पार्सल अजून आलेलं नाही.