जनामायचा उजवा हात

जनामायच्या डाव्या हातात कोपरापर्यंत बांगड्या आणि उजवा हात पार मोकळा. का, तर तो हात शेळ्यांच्या बाळंतपणाचा! धानोऱ्यात मी गुरांचा डॉक्टर म्हणून आलो, तेव्हा तोच हात नाचवत तिनं मला ऐकवलं होतं, "डाक्टर भाऊ, आठे, या गावमा, बकरीसनी माय मी शे. तुन्हं काम सुई टोचानं!" अडलेलं करडू ती असं अलगद फिरवून काढायची, की मी पदवीवाला नुसता बघत राही. मोबदला एक कप चहा. तोही शिळा उकळलेला चालत नसे.

त्या हिवाळ्यात शेळ्या गाभडू लागल्या. दिवस भरत आलेले आणि करडू मेलेलं पडायचं. आज या घरी, आठवड्यानं पलीकडे. प्रत्येक ठिकाणी जनामायलाच बोलावणं. ती हातानं जार, म्हणजे अडकलेली वार, ओढून काढी, पदराला हात पुसे आणि पुढच्या गोठ्यात शिरे. मधूनमधून तिलाही ताप यायचा, गुडघे धरायचे. "म्हातारपन शे, दुसरं काय!" म्हणे.

शेळ्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला: ब्रुसेलोसिस. शेळीकडून माणसालाही होणारा. रोग गोठ्यागोठ्यांत कसा पोचला, ते स्पष्टच होतं. पण हे तिला सांगायचं कुणी? दोन दिवस मी तिच्या गल्लीनं गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून सांगितलं.

तिनं उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाली, "सुभद्रानी बकरीना दिन भरी गयात का?"

"भरले."

"चाल मंग."

वाटेत प्रत्येक दारापुढे थांबून ती स्वतःच सांगत सुटली, "मन्हाच हातमुळे रोग फिरना. आते पडेल करडूले, जारले कोनी हात लावू नका. चुना टाकीसन गाडा." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी विचारलं, "पन मंग बकरी मोकळी करी कोन?"

"हाऊ डाक्टर करी. मी सांगसू तसं!"

सुभद्राच्या गोठ्यात मी हातमोजे घालून बसलो. जनामाय कुंपणाबाहेरून ओरडत होती, "वढू नको रे! कळ येऊ दे! हात तुन्हा, पन बाळंतीन मन्ही!" दोन करडं झाली, दोन्ही जिवंत. थोड्या वेळात धडपडत उभीही राहिली.

पुढे तिच्या रक्तातही तोच रोग निघाला आणि गोळ्यांचा कोर्स करून जनामाय ठणठणीत झाली. पण मला आठवते ती त्या दुपारची. सुभद्रानं आनंदानं एक करडू उचलून कुंपणापाशी तिच्यापुढे धरलं. जनामायनं झटकन दोन्ही हात पाठीमागे नेले आणि लांबूनच, हसत, डोळे भरून त्याला पाहत राहिली.